ओळख पटवून घेण्याचा प्रश्न

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ऑनलाइन जमावे की प्रत्यक्ष भेटावे, हा आजचा विषय आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे. पण डेबियन या, स्वयंसेवकांनी मिळून घडवलेल्या मोफत संगणकप्रणालीची गोष्ट आधी सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाचे बहुतेक सारे काम ईमेलवर चालते. तरीही नव्या माणसाला सदस्य करून घेताना त्याच्या डिजिटल किल्लीवर (म्हणजे ऑनलाइन ओळख पटवणाऱ्या सांकेतिक खुणेवर) जुन्या सदस्याची सही लागते, आणि ती सही सर्वसाधारणपणे प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहूनच केली जाते. एरवी कोणावरही सहजी विश्वास न टाकणारी ही मंडळी डेबकॉन्फ या वार्षिक संमेलनात हातात छापील यादी घेऊन एकमेकांना गाठतात, एकमेकांचे पासपोर्ट निरखतात आणि यादीत खूण करतात. पासपोर्टवरचा गुळगुळीत चेहरा आणि समोरची छातीपर्यंतची दाढी यांचा मेळ घालताना पोलीस पाटलालाही घाम फुटेल. (आपल्याकडच्या मीटअपमध्ये पिझ्झा येईपर्यंत भाषण आणि त्यानंतर नोकरभरतीची जाहिरात असते, ओळख कोणाचीच होत नाही.)

आता दुसरी बाजू पाहा. एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी २०२१ पासून चोख काम करत राहिले, हळूहळू देखभालीचे अधिकार मिळवले आणि २०२४ मध्ये त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला डेबियनच्याच अस्थिर, म्हणजे अजून घडत असलेल्या आवृत्तीवर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, म्हणून तो चोरदरवाजा मार्चअखेर उघडकीस आला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा घाईने मांडतो. पासपोर्ट पाहून हेतू कळत नाही, हे मला मान्य आहे. शिवाय फ्रॉइंड यांचा इशारा जगभर पोहोचला तो ऑनलाइनच. कामाची पारख ऑनलाइनच करावी, कारण तिथे प्रत्येक ओळीची नोंद राहते. मात्र एक्सझेडचा मूळ देखभालकर्ता एकटा होता, आपली प्रकृती ठीक नसल्याचे त्याने २०२२ मध्ये ईमेल-यादीवर लिहिले होते, आणि त्यावर त्याला मिळाली ती घाई करण्याची तंबी. वर्षातून एकदा त्याच्याशेजारी बसून जेवणारी चार माणसे असती, तर निदान कोणीतरी त्याचे ओझे वाटून घ्यायला पुढे आले असते, असे मला वाटते. प्रत्यक्ष भेटीगाठींचा उपयोग मी एवढ्यासाठीच मानतो. नोकरीची शिफारस हा त्यातला दुय्यम लाभ आहे.

राहिला खर्चाचा प्रश्न. जळगावच्या किंवा कुडाळच्या मुलाला दर महिन्याला पुण्याला येणे परवडणार नाही. डेबकॉन्फ दरवर्षी गाव बदलते, २०२३ मध्ये ते कोचीला भरले होते. आपल्या गटांनीही वर्षातली निदान एक बैठक पुणे-मुंबईबाहेर घ्यावी.