भाच्याच्या वहीतली लॅटिन

श्रोतेहो, नमस्कार.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. कानात कायम इयरफोन. परवा विचारलं, "काय ऐकतोस रे एवढं?" त्यानं एक इयरफोन काढून माझ्या कानात घातला. वाटलं, रॅप-बिप असेल. निघालं लॅटिन! ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चमधलं जुनं लॅटिन प्रार्थनागायन. ना पेटी, ना तबला. नुसते पुरुषांचे आवाज, सावकाश चढणारे आणि उतरणारे. म्हणाला, "मामा, ही जुनी मिस्सा."

मिस्सा म्हणजे आम्हा कॅथलिकांची मुख्य उपासना. पोप पाचवे पायस यांनी 1570 साली तिचा नमुना ठरवून दिला आणि किरकोळ बदल सोडले तर तोच जवळजवळ चारशे वर्षं चालला. भाषा लॅटिन. फादर लोकांसारखेच वेदीकडे तोंड करून उभे, म्हणजे लोकांना दिसते त्यांची पाठ. सगळ्यात पवित्र प्रार्थना तर ते इतक्या हळू म्हणत की पहिल्या बाकावरही ऐकू येऊ नये. मग घंटा वाजली की सगळ्यांच्या माना खाली.

माझी आजी त्या मिस्सेत जपमाळ ओढत बसायची. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणारं घर आमचं, लॅटिन कोण शिकवणार? दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची मोठी सभा, 1962 ते 1965 मध्ये भरली, लोकभाषेला वाट मिळाली आणि 1969 साली पोप सहावे पॉल यांनी नवा विधी दिला. मिस्सा मराठीत आली त्या रविवारी आजी घरी येऊन म्हणाली, "फादर आपल्यासाठी काय मागतात, ते आज कळलं." हे वाक्य आमच्या घरात अजून सांगितलं जातं.

आणि आता तिचाच पणतू उलट्या दिशेनं निघालाय! खरं सांगतो, आधी मला रागच आला.

पण तो एकटा नाही. फ्रान्समध्ये दरवर्षी पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाच्या सुट्टीत पॅरिसहून शार्त्रच्या कॅथेड्रलपर्यंत हजारो माणसं तीन दिवसांत सुमारे शंभर किलोमीटर चालत जातात. त्यात तरुणांचा भरणा मोठा. रात्री तंबूत मुक्काम, वाटेत जुनी लॅटिन मिस्सा. पंढरपूर ज्यांच्या जिल्ह्यात आहे त्यांना पायाला आलेल्या फोडांबद्दल मी काय सांगणार?

भाच्याला विचारलं, "कळतं का तुला?" तर म्हणाला, "मामा, आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून पोरं नंदीध्वजाबरोबर निघतात. सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्यात संमतीची वचनं वाचली जातात, तेव्हा एकेक शब्दाचा अर्थ कुणी विचारतं का?" पोरगं सोलापूरचंच, मुद्दा बरोबर जागी मारला. पुढे म्हणाला, "तिथे मला कुणी रिझवायला बघत नाही. गप्प बसता येतं." दिवसभर मोबाईलच्या टुणटुणाटात राहणाऱ्या पोराची ही भूक मला समजली. परिषदेनंही लॅटिन हद्दपार केली नव्हती, उलट ती जपावी असंच लिहिलं होतं. हे आमच्या पिढीनं सोयीनं विसरलं.

मात्र एक गोष्ट मला खटकते. इंटरनेटवर काही जण मराठी मिस्सेला जाणाऱ्यांना कच्चे कॅथलिक समजतात. असल्याच तेढीमुळे प्रकरण वरपर्यंत गेलं. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 साली जुन्या मिस्सेला मोकळीक दिली होती. पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली ती आवळली. आता बिशपांची परवानगी लागते, आणि नव्यानं दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूंच्या बाबतीत बिशपांना आधी व्हॅटिकनला विचारावं लागतं. भाचा यावर हिरमुसतो. मी त्याला एवढंच म्हणतो, आजीला कच्ची म्हणशील तर गाठ माझ्याशी आहे.

सध्या त्यानं एक वही केलीय. जुन्या प्रार्थनापुस्तकांत असायचे तसे दोन रकाने: डावीकडे लॅटिन, उजवीकडे त्याची स्वतःची मराठी. जुन्या मिस्सेच्या सुरुवातीला वेदीच्या पायरीशी फादर म्हणतात, "इन्त्रोइबो आद आल्तारे देई", मी देवाच्या वेदीपाशी जाईन. सेवक उत्तर देतो, "आद देउम क्वी लेतिफिकात यूव्हेन्तूतेम मेआम", माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवापाशी. 'लेतिफिकात'पाशी त्याची गाडी अडलीय. 'आनंद देणारा' त्याला फिकं वाटतं, 'हर्षवणारा' पुस्तकी. तीनदा खोडलंय, कागदाला भोक पडायची वेळ आलीय.

तुम्हाला एखादा नेमका शब्द सुचला, श्रोतेहो, तर जरूर कळवा. आजीच्या तोंडी शोभेल असा हवा.

नमस्कार.