खांद्याच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र

श्रोतेहो, नमस्कार. मी भूलतज्ज्ञ आहे. खांद्याचं ऑपरेशन करून त्याच संध्याकाळी घरी जाणाऱ्यांसाठी आज बोलायचं आहे, आणि त्यांच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या माणसांसाठीही.

दुर्बिणीतून फाटलेला स्नायू शिवला की वर दिसतात त्या तीन-चार चिमुकल्या जखमा. म्हणून लोकांना वाटतं, एवढ्यानं काय दुखणार? पण आत हाडाला भोकं पाडून टाके घातलेले असतात. खांदा फार दुखतो.

ऑपरेशनआधी आम्ही मानेच्या बाजूला, सोनोग्राफीत बघत बघत, हाताकडे जाणाऱ्या नसांभोवती बधिर करणारं औषध सोडतो. हात ओंडक्यासारखा होतो. पेशंट दुसऱ्या हातानं तो उचलून झोळीत ठेवतो आणि म्हणतो, "डॉक्टर, काहीच दुखत नाहीये!" मला काळजी वाटते ती तिथेच. कारण हा असर साधारण बारा ते अठरा तासांत ओसरतो. सकाळी दहाला इंजेक्शन दिलं असेल, तर ठणका उठतो तो ऐन मध्यरात्री किंवा पहाटे, घरातले सगळे गाढ झोपेत असताना. आणि तो हळूहळू येत नाही, एकदम उसळतो.

इथे स्टिरॉइड उपयोगी पडतं. डेक्सामेथासोन नावाचं औषध, बहुधा चार ते आठ मिलिग्रॅम, एकदाच, शिरेतून. ते सूज आणणारी रसायनं शरीरात तयार होऊ देत नाही, बधिरपणा काही तासांनी लांबवतं, शिवाय भुलीनंतरची मळमळही कमी करतं. ते काही तास फार मोलाचे असतात. दुखणं पहाटे तीनऐवजी सकाळी उजाडल्यावर सुरू झालं, तर माणूस ते निभावून नेतो.

स्टिरॉइड म्हटलं की पेशंटचा चेहरा उतरतो. हाडं ठिसूळ होतील, तोंड सुजेल! ही भीती खोटी नाही, पण ती महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांची. एका डोसाचा हिशेब वेगळा. जखम चिघळेल का, ही शंका मलाही होती. 2021 साली आठ हजारांहून अधिक पेशंटांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरनिराळी ऑपरेशनं झालेले लोक होते त्यात, मधुमेह असलेलेही. आठ मिलिग्रॅमच्या एका डोसानं जखमेतला जंतुसंसर्ग वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

मात्र साखर वाढते, एखादा दिवस तरी. मधुमेह असेल तर भूल देण्याआधी आठवणीनं सांगा, आणि घरी गेल्यावर साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. काहींना त्या रात्री झोप लागत नाही, डोळे टक्क उघडे राहतात. जागेपणी इंजेक्शन भराभर दिलं, तर काही क्षण जांघेत विचित्र खाज सुटते. पेशंट लाजून बोलत नाहीत. ते औषधामुळेच होतं, लगेच थांबतं.

दुखणाऱ्या खांद्यात आधी कधी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल, तर ती गोष्ट निराळी. ऑपरेशनच्या आधीच्या महिन्याभरात ते घेतलेलं असलं, तर सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. ती तारीख सर्जनला सांगाच.

आणि आता कळकळीनं सांगतो. हात बधिर आहे, दुखत नाही, म्हणून गोळ्या बाजूला ठेवू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेली पॅरासिटामॉल झोपण्याआधी घ्या, पुढच्या गोळीसाठी गजर लावा. ठणका उसळल्यावर घेतलेली गोळी लागू पडेपर्यंतचा वेळ काढणं फार जड जातं. पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखं झोपा. बधिर हाताजवळ गरम पाण्याची पिशवी नको, भाजलं तरी कळणार नाही. आवाज थोडा घोगरा होणं, एक पापणी जड होणं, हे मानेतल्या इंजेक्शनमुळे होतं आणि बधिरपणाबरोबर जातं. पण धाप लागली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.