किरकोळ दुरुस्ती

[काळे टर्मिनल, लुकलुकणारा कर्सर]

पडद्यावर जी यादी सरकताना दिसते आहे, तीत आमच्या चमूने गेल्या सहा वर्षांत केलेला प्रत्येक बदल आहे. कोणती ओळ कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता लिहिली, हे गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) एका आज्ञेसरशी सांगते. ती तशी का लिहिली, हे मात्र लिहिणाऱ्याने नोंदवले असेल तरच कळते. या व्यवसायात मी जे शिकले, त्यातले बरेचसे त्या 'का'चा पिच्छा पुरवताना शिकले आहे.

[वहीचे पान, पेन्सिलीने खोडलेले आकडे]

ही वही एका बगचा, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीचा, शोध घेतला त्या आठवड्यातली आहे. महिन्याच्या शेवटच्या दिवसाचे व्यवहार मासिक अहवालात येत नव्हते. बाकीचा महिना बिनचूक होता. जुन्या आवृत्तीत हा बग नव्हता, नव्या आवृत्तीत होता, आणि दोहोंच्या मध्ये सुमारे ८०० कमिट (नोंदवलेले बदल) होते. एरवी मी संशय येईल तिथे मधली मूल्ये दाखवणाऱ्या प्रिंटच्या ओळी पेरत बसले असते (आजही बसते, त्यात लाजण्यासारखे काही नाही), पण या वेळी गिट बायसेक्ट वापरले. ते बरोबर मधला कमिट काढून समोर ठेवते. आपण प्रोग्राम चालवून पाहायचा आणि 'चांगला' की 'वाईट' एवढेच सांगायचे, की उरलेल्यांतले निम्मे बाद होतात. वहीत डावीकडे ते आकडे उतरताना दिसतात: ८००, ४००, २००, १००, ५०. दहाव्या फेरीअखेर एकच कमिट उरला. निम्मे-निम्मे बाद करत जाणारा हा शोध, म्हणजे बायनरी सर्च, मी परीक्षेसाठी घोकला होता. तो खऱ्या अर्थाने समजला तो या पानावर.

[पडद्यावर एकच ओळ, मोठी करून]

ती ओळ ही. तारखांची तुलना करताना 'लहान किंवा समान' असे जे चिन्ह होते, त्यातले 'समान' काढून टाकलेले होते. कमिटचा संदेश दोन शब्दांचा होता: 'किरकोळ दुरुस्ती'. लिहिणारा नोकरी सोडून गेला होता.

ओळ पूर्ववत करायला अर्धे मिनिटही लागले नसते. पण कोणी मुद्दाम बदललेली ओळ कारण न कळता उलटवणे म्हणजे दुसरीकडे नवा बग पेरणे. कारण सापडायला दोन दिवस गेले. अहवाल ती ओळ असलेल्या फंक्शनला (प्रोग्रामच्या तुकड्याला) महिन्याची शेवटची तारीख देत होता, तर दुसरा एक स्क्रीन त्याच फंक्शनला पुढच्या महिन्याची पहिली तारीख देत होता, आणि 'समान' असेपर्यंत त्या स्क्रीनवर एक दिवस जादा मोजला जात होता. म्हणजे बदल करणाऱ्याने खरोखरच एक चूक सुधारली होती. फक्त त्याने ती कुठली, हे लिहिले नव्हते. शेवटी दोन्ही ठिकाणी पुढच्या महिन्याची पहिली तारीखच द्यायची असे ठरवून आम्ही हा प्रश्न मिटवला. चुकलेले अहवाल पुन्हा काढून पाठवले गेले.

[जुन्या कमिटची यादी, सावकाश वर सरकत]

गिटचा स्वतःचा जन्म घाईत झाला. लिनक्स कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) काम बदलांची नोंद ठेवणाऱ्या ज्या बिटकीपर या प्रणालीवर चालत असे, तिचा विनामूल्य वापर बंद झाल्यावर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये काही दिवसांत गिट उभे केले. मात्र कर्नलमधला बदलाचा संदेश आजही असा असावा लागतो, की अडचण काय होती आणि हाच उपाय का निवडला, हे वाचणाऱ्याला समजावे. नव्याने शिकणाऱ्यांना मी आधी ते संदेश वाचायला सांगते, कोड नंतर.

[दोन खुर्च्या, एक पडदा]

१९७६ मध्ये आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी कोड-तपासणीची रीतसर पद्धत प्रसिद्ध केली. तीत माणसे एकत्र बसून दुसऱ्याचा कोड वाचत आणि चुका टिपून ठेवत. आताचा रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याच्या कोडची तपासणी, बहुधा एकट्याने, दोन बैठकांच्या मधल्या फटीत उरकला जातो. मी एके ठिकाणी काम करत असताना महिन्याला किती तिकिटे (नेमून दिलेली कामे) बंद केली यावरच माणसाचे मोल ठरत असे; वाचण्यात गेलेला वेळ कोणत्याच रकान्यात बसत नसल्याने तिथे कोणी वाचत नसे. 'ठीक दिसते' एवढा शेरा मारून सगळे मोकळे होत. माझ्या मते आपल्या कामातली सर्वांत महाग सवय हीच आहे, आणि कोणतेही नवे साधन विकत घेऊन ती सुटत नाही.

[कीबोर्डवरचे हात, पडद्यावर संदेशाची चौकट]

हा आमचा नवा सहकारी, कामावर येऊन त्याला तिसरा आठवडा आहे. बदल त्याने सकाळीच केला. चाचण्याही पार पडल्या. रिव्ह्यूमध्ये मी त्याला एवढेच विचारले होते, 'मर्यादा तीसवरून साठ सेकंदांवर का नेलीस?' त्याने लिहिलेला संदेश खोडला आहे, आणि आता तो लॉग (प्रोग्रामने ठेवलेल्या नोंदी) उघडून नव्याने लिहितो आहे.