ओल्या फडक्याचं श्रेय
(जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांसमोर नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हातली, गोष्ट सांगतो. बुटीबोरीहून परत येत होतो, दुपारचे दोन. माझ्या जुन्या पद्मिनी गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि गप्प झाली. आता आपल्या नागपुरात अशा वेळी काय करायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बॉनेट उघडायचं, इंजिनावरचा तापलेला पेट्रोल पंप निवावा म्हणून त्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि कडुनिंबाखाली बसायचं. बसलो. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली, गाडी सुरू! फडक्याचा जयजयकार. खापरीला पुन्हा बंद.

तो अख्खा उन्हाळा मी डिक्कीत पाण्याची कॅन घेऊन फिरलो, राजेहो. पंपही बदलला. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं झापलं, "थंडी गाडी घेऊन येता अन् म्हणता तपासा. बंद पडली का तिथंच मले बोलवा."

त्याला बोलावलं. त्यानं पंपाकडे पाहिलंसुद्धा नाही. डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीतून मधली जाड वायर उपसली, रबरी मुठीच्या पकडीत धरून तिचं टोक इंजिनापासून पाचेक मिलिमीटरवर ठेवलं आणि मला सेल्फ मारायला सांगितला. ठिणगी आली ती पिवळट, मरतुकडी, तीही मधूनमधून. चांगली ठिणगी निळी असते, फटफट वाजते. कॉइलवर, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या डब्यावर, पाण्याचे चार थेंब टाकले, ते चर्र झाले. फडक्यानं काहीच केलेलं नव्हतं. त्या पंधरा मिनिटांत कॉइल निवत होती, आणि श्रेय फडकं घेत होतं.

कॉइलच्या आत जाड तारेचे थोडे वेढे असतात आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो. डेल्कोतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे दोन संपर्क, उघडले की जाड तारेतला प्रवाह तुटतो आणि बारीक तारेत दहा-पंधरा हजार व्होल्ट उसळतात. वेढ्यांवरचं इन्सुलेशन जुनं झालं, की तापल्यावर हा दाब प्लगपर्यंत न जाता आतल्या आतच फुटतो. निवली की कॉइल पुन्हा शहाणी. त्यात आपण इंजिन बंद ठेवून किल्ली चालू सोडतो, गाणी ऐकत बसतो. पॉइंट त्या वेळी मिटलेले असले तर १२ व्होल्ट आणि ३ ओहमच्या हिशेबानं ४ अँपिअर सतत वाहतात. म्हणजे जवळजवळ ५० वॅटची शेगडीच की!

डेल्को हे नाव आलं कुठून, हे नव्या पोरांसाठी. अमेरिकेत डेटन इथं चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ साली एडवर्ड डीड्स यांच्यासोबत डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली, तिची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. आपले मिस्त्री आजही रोज ते नाव घेतात.

वायर काढायचा धीर होत नसेल तर १२ व्होल्टचा लहान बल्ब घ्या. एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या स्क्रूला, दुसरं बॉडीला. सेल्फ मारल्यावर बल्ब लुकलुकला, तर पॉइंट काम करताहेत. सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट मिटतच नाहीत. बहुतेक मळ बसलाय. पेटलाच नाही, तर किल्लीकडून वीज येत नाही किंवा पॉइंट उघडत नाहीत. ठिणगीची कोणतीही परीक्षा करण्याआधी पेट्रोल गळत नाही ना, एवढं नाक लावून बघा.

पॉइंटची फट साधारण ०.४ मिलिमीटर. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घ्या, नखानं मोजू नका. प्लगच्या फटीसाठी मिस्त्री हॅक्सॉ ब्लेड घालतात, ते जाडीला बरोबर ०.६ च्या आसपास असतं. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजते तशी फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगीचं टायमिंग मागे जातं, आणि गाडी तापते. मग आपण रेडिएटर धुऊन आणतो! पॉइंट उघडणाऱ्या त्या फिरत्या कॅमवर बोटभर नाही, तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरतं.

पॉइंटवरच निळी लखलख दिसली, तर ती ठिणगी रोखणारा कंडेन्सर गेला. नवे कंडेन्सर मात्र भरवशाचे नसतात, म्हणून जुना चालत असेल तर केवळ नव्याच्या हौसेनं फेकू नका.

चला, खाली माझी गाडी उन्हात मुद्दाम चालू ठेवली होती. आता ती बंद पडली असेल. फडकं घरी ठेवून आलोय.