कुंडीत पिकलेला अननस
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

कच्चा तोडलेला अननस नंतर गोड होत नाही. ठेवून दिला तर त्याची साल पिवळी पडेल, गर मऊ होईल, थोडाफार वासही सुटेल. पण त्यातली साखर वाढणार नाही, कारण केळ्यात किंवा आंब्यात असतो तसा स्टार्चचा साठा अननसाच्या फळात नसतो. त्यात उतरणारी सगळी गोडी पानांकडून देठावाटे येते, आणि तिचा मोठा भाग फळ झाडावर असतानाच्या शेवटच्या काही आठवड्यांत येतो. लांबच्या बाजारात पाठवायचे फळ नेमके हे आठवडे पुरे होण्याआधी काढावे लागते. घरी कुंडीत अननस लावावा, असे आम्ही आग्रहाने म्हणतो ते आधी यासाठी. दुसरे कारण जातींचे आहे आणि आमच्या मते ते अधिक मोलाचे आहे. जगात अननसाच्या कितीतरी जाती असताना बहुतेकांनी त्यांतल्या एकदोनच चाखलेल्या असतात, आणि त्या एकदोन जाती पुढे आल्या त्या केवळ चवीच्या बळावर नव्हे.

स्मूथ केयेन या जातीचेच पाहा. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ सॅम्युएल पेरोते यांनी 1819 साली फ्रेंच गयानातून ती युरोपात नेली आणि तेथील काचगृहांमधून ती जगभर पसरली. पानांच्या कडांना टोकाजवळचा भाग सोडला तर काटे नाहीत, फळ मोठे आणि जवळपास दंडगोल, गर फिकट पिवळा आणि आंबटगोड. हा दंडगोल आकारच कारखानदारांना हवा होता. 1911 साली हेन्री गिनाका यांनी हवाई बेटांवर अननस सोलून, कोरून त्याचा दंडगोल काढणाऱ्या यंत्रावर काम सुरू केले, आणि त्यानंतर हवाबंद डब्यांचा धंदा अनेक दशके याच जातीवर उभा राहिला. क्यू या नावाने ओळखला जाणारा अननस याच गटातला आहे. पुढे ताज्या फळाचा व्यापार वाढला तेव्हा हवाईमध्येच संकरातून तयार झालेली एमडी-2 ही जात 1996 पासून बाजारात आली आणि तिने केयेनला मागे सारले. ती गोड आहे, तिच्यात क जीवनसत्त्व जास्त आहे, हे खरेच. पण शीतगृहात आणि जहाजावर तिचा गर आतून सहसा काळा पडत नाही, हा गुण व्यापाऱ्याच्या दृष्टीने तितकाच मोठा होता. कुंडीत लावणाऱ्याला मात्र फळ जहाजात चढवायचे नसते, त्यामुळे त्याने या दोन जातींवर थांबण्याचे काहीच कारण नाही.

पडद्यावर आता दिसते आहे ते क्वीन जातीचे रोप. पानांच्या दोन्ही कडांना बुडापासून टोकापर्यंत आकडीसारखे वाकलेले काटे आहेत, आणि कुंडी हलवायची झाली तर जाड हातमोज्यांवाचून गत्यंतर नाही. पण झाड आटोपशीर राहते, फळ साधारण अर्धा ते एक किलोचे, डोळे उठावदार, गर गडद पिवळा, कुरकुरीत आणि सुवासिक असतो. मॉरिशस ही याच गटातली जात. कुंडीत पहिल्यांदाच अननस लावणाऱ्याने क्वीन गटापासून सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण केयेनसारख्या मोठ्या जातीचे फळ कुंडीत नेहमीपेक्षा बरेच लहान राहते, तर क्वीनच्या फळात तितकी घट होत नाही.

ज्यांची जागा आणि धीर दोन्ही मोठे आहेत त्यांनी पांढऱ्या गराच्या जातींकडे जावे. ब्राझीलमधली पर्नांबुको आणि शुगरलोफ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती या प्रकारात मोडतात. त्यांचा गर जवळजवळ पांढरा आणि रसाळ असतो, आंबटपणा अगदी कमी, आणि मधला दांडा इतका कोवळा, की तो काढून टाकावा लागत नाही. हे फळ इतके नाजूक असते, की लांबचा प्रवास त्याला सोसत नाही. म्हणून जिथे ते पिकते त्या परिसराबाहेर ते क्वचितच दिसते. रेड स्पॅनिश याच्या उलट: राकट झाड, चौकोनी वाटावे असे तांबूस फळ आणि तंतुमय गर. शोभेसाठी म्हणाल, तर पिवळसर आणि गुलाबी पट्ट्यांच्या पानांची जात आणि लांब दांड्यावर बोटभर फळ धरणारी ठेंगणी जात कुंडीत फार सुरेख दिसतात, पण त्या खाण्यासाठी नाहीत. गुलाबी गराचा, जनुकीय बदल केलेला अननस 2020 पासून विक्रीस आहे. तो शेंडा काढूनच विकला जातो, त्यामुळे घरी लावण्याचा प्रश्न येत नाही.

कुंडीतला अननस ही काही नवी हौस नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या धनिकांच्या बागांत अननस वाढत असे तो कुंड्यांमध्येच. कातडी कमावताना उरलेली ओकच्या सालीची भुकटी खड्ड्यांत भरून त्यात या कुंड्या गळ्यापर्यंत पुरल्या जात, आणि ती साल आंबताना महिनोन्‌महिने जी ऊब निघे तिच्यावर हे उष्ण प्रदेशातले झाड जगवले जाई. इतका खटाटोप करावा लागे, कारण थंडी त्याला मानवत नाही. वीस ते तीस अंश सेल्सिअस तापमानात ते जोमाने वाढते, पंधराच्या खाली वाढ मंदावते आणि दहिवराने पाने जळतात. गारठा पडत असेल तिथे कुंडी घरात घेता येते, ही जमिनीत नसलेली सोय.

लागवडीसाठी सर्वांत सहज मिळतो तो शेंडा. ताज्या, हिरव्यागार शेंड्याचे फळ निवडावे, एका हाताने फळ आणि दुसऱ्या हाताने शेंड्याची पाने मुळाशी घट्ट धरून पीळ द्यावा, म्हणजे तो गर मागे न ठेवता निखळून येतो. मग खालची लहान पाने एकेक करून खाली ओढून काढावीत. कॅमेरा जवळ नेला आहे तो याचसाठी: पाने निघाल्यावर उघड्या पडलेल्या पांढरट खोडावर तपकिरी रंगाचे बारीक ठिपके दिसत आहेत, आणि काहींमधून दोनतीन मिलिमीटरची टोके बाहेर आली आहेत. ही मुळेच आहेत. शेंडा फळावर असतानाच ती तयार असतात आणि पानांच्या बुडाशी दबून राहतात. दोनतीन सेंटिमीटर खोड मोकळे झाले, की शेंडा सावलीत चारपाच दिवस उलटा ठेवून जखम सुकू द्यावी. तो पाण्याच्या ग्लासात ठेवून मुळे फुटताना पाहण्यात आनंद आहे, हे मान्य. तरी थेट मातीत लावलेल्या शेंड्याची मुळे अधिक भक्कम होतात. लावताना मधल्या पोंग्यात माती जाऊ देऊ नये.

शेंड्यापासून फळ यायला साधारण दोन वर्षे लागतात. खोडाच्या बगलेतून येणारा फुटवा किंवा फळाच्या खाली देठावर येणारी लहान रोपे, ज्यांना स्लिप म्हणतात, ती मिळाली तर काही महिने वाचतात. फुटवा सर्वांत लवकर फळावर येतो. पांढऱ्या गराच्या जाती हव्या असतील तर बहुधा फुटव्याचाच शोध घ्यावा लागतो, कारण त्यांची फळेच सहसा हाती लागत नाहीत.

कुंडी वीस ते पंचवीस लिटरची पुरेशी आहे. मुळे उथळ असतात, त्यामुळे खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. मिश्रणात माती कमी आणि निचरा जास्त असावा: नारळाच्या काथ्याचा भुसा, जाडी वाळू आणि चांगले कुजलेले खत. सामू साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान, म्हणजे आम्लधर्मी हवा. चुनखडीयुक्त मातीत किंवा जड पाण्यावर झाडाला लोह मिळत नाही आणि नवी पाने पिवळी पडू लागतात. अशा वेळी खताचा मारा न वाढवता हिराकशीचे अगदी पातळ द्रावण पानांवर फवारावे.

पाण्याच्या बाबतीत मात्र अननसाला समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची रंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. अननस ती रंध्रे मुख्यतः रात्री उघडतो. रात्रीत घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पानांत साठवला जातो, आणि दिवसा, रंध्रे बंद ठेवून, त्याच साठ्यातून उन्हाच्या मदतीने साखर तयार होते. म्हणूनच हे झाड कडक ऊन सोसते, कमी पाण्यावर तगते, आणि अति पाण्याने मरते. मिश्रणाचा वरचा थर बोटाने चाचपून कोरडा लागला तरच पाणी द्यावे. कुंडीत पाणी साचून राहिले तर बुरशीमुळे पोंगा बुडाशी कुजतो, मधली पाने हलक्या हाताने ओढली तरी उपटून येतात आणि त्यांना घाण वास येतो; तोवर झाड वाचवण्याची वेळ सहसा निघून गेलेली असते. एमडी-2 या रोगाला विशेष बळी पडते, म्हणून तिच्या कुंडीत वाळूचे प्रमाण वाढवावे. ऊन रोज किमान सहा तास मिळायला हवे. खिडकीच्या आत, मंद उजेडात झाड जगते, पण फळ धरण्याइतकी शिदोरी त्याच्याकडे जमत नाही.

खत थोडे आणि वरचेवर. पानांच्या बेचक्यांतून अननस अन्न शोषू शकतो, त्यामुळे पातळ द्रवखत पानांवरून ओतले तरी ते वाया जात नाही. वाढीच्या काळात नत्र, आणि फुलोऱ्याच्या सुमारास पालाश महत्त्वाचे. फळ धरल्यावर नत्र थांबवलेले बरे. बेचक्यांतच पिठ्या ढेकूणही दडतो. कुंडीभोवती मुंग्यांची ये-जा वाढलेली दिसली, की पाने बाजूला सारून तळाशी पाहावे, कारण मुंग्याच या किडीची राखण करतात, आणि ही कीड ज्या विषाणूंचा प्रसार करते त्यांच्यामुळे पाने लालसर होऊन टोकांपासून सुकू लागतात.

झाड दीड वर्षाचे झाले, पाने हातभर लांब आणि तीसहून अधिक झाली, तरी फुलाचा पत्ता नसतो, असे कुंडीत अनेकदा होते. निसर्गात लहान दिवस आणि थंड रात्री अननसाला फुलोऱ्यावर आणतात, पण माणसाने याची दुसरी किल्ली फार पूर्वी शोधली. 1874 साली अझोर्स बेटांवरच्या काचगृहांत धुराने अननस एकदम फुलतो, असे लक्षात आले. धुरातला नेमका कोणता घटक हे घडवतो, त्याचा उलगडा 1932 साली पोर्तो रिकोमध्ये रॉड्रिगेझ यांच्या प्रयोगांतून झाला: तो इथिलीन वायू होता. पिकलेली सफरचंदेही इथिलीनच सोडतात. एका मोठ्या पारदर्शक पिशवीत झाडाबरोबर पिकलेल्या सफरचंदाच्या दोनचार फोडी ठेवून पिशवीचे तोंड बांधावे आणि कुंडी तीनचार दिवस सावलीत ठेवावी. पिशवी रात्री सोडू नये, कारण रंध्रे तेव्हाच उघडी असतात आणि वायू तेव्हाच आत शिरतो. झाड लहान असताना ही घाई केली तर फूल येईल, पण फळ मुठीएवढेच राहील. पाने किती आहेत यावर फळाचे वजन ठरते.

सुमारे दोन महिन्यांनी पोंग्याच्या तळाशी लालभडक ठिपका दिसतो. तो वर उचलला जातो, दांडा वाढतो, आणि त्या लाल कणसावर खालून वर अशा क्रमाने जांभळी-निळी फुले उमलू लागतात. प्रत्येक फूल पहाटे उघडते आणि एका दिवसात मिटते. पण एका कणसावर शंभराहून अधिक फुले असल्याने हा सोहळा दोनतीन आठवडे चालतो. आपण ज्याला एक फळ म्हणतो ते या सगळ्या फुलांची फळे एकमेकांत मिसळून झालेले असते, आणि सालीवरचा प्रत्येक डोळा म्हणजे त्यातले एक फूल.

वेगवेगळ्या जाती शेजारी ठेवणाऱ्याला इथे एक गोष्ट माहीत असायला हवी. अननसाची एकच जात असेल तर तिचे पराग तिच्याच फुलांवर रुजत नाहीत. फळ परागीभवनाविना वाढते आणि त्यात बिया नसतात. दोन जाती एकाच वेळी फुलल्या आणि पराग एकीवरून दुसरीवर गेले, तर मात्र सालीखालच्या गरात बारीक, टणक, तपकिरी बिया धरतात. हवाईमध्ये फुलचुखीसारख्या हमिंगबर्ड पक्ष्यांना बंदी आहे, ती याच कारणाने. बिया नको असतील तर एका कुंडीला सफरचंदाचा उपचार दीडदोन महिने उशिरा द्यावा. आणि कुतूहल असेल, तर मऊ कुंचल्याने क्वीनचे पराग शुगरलोफच्या फुलांना लावून पाहावेत. त्या बियांतून उगवणारे प्रत्येक रोप वेगळे असते, मात्र फळासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते.

फुले मिटल्यानंतर फळ तयार व्हायला पाच ते सहा महिने जातात. दांडा कलू लागला तर काठीचा आधार द्यावा, आणि पश्चिमेचे तळपते ऊन एकाच बाजूवर पडत असेल तर त्या बाजूला कागद गुंडाळावा. पिकण्याच्या खुणा जातीगणिक बदलतात. क्वीन बुडापासून वर सोनेरी होत जाते आणि पूर्ण पिवळी झाल्यावरच तोडावी. पांढऱ्या गराचे फळ पिकले तरी बरेचसे हिरवे राहू शकते. तिथे रंगावर विसंबू नये, डोळे सपाट झाले आहेत का ते पाहावे आणि बुडाशी वास घ्यावा.

फळ काढल्यावर मूळ झाड हळूहळू सुकते, पण त्याच्या बगलेत एकदोन फुटवे तोवर वाढलेले असतात. एक तिथेच राखला तर त्याला जुन्या मुळांचा आधार मिळून पुढचे फळ लवकर येते, जरी ते थोडे लहान असले तरी. बाकीचे फुटवे वीतभराचे झाले, की बुडाशी पीळ देऊन सोडवावेत, शेंड्याप्रमाणे सुकवावेत आणि नव्या कुंडीत लावावेत. लावतानाच कुंडीवर न पुसली जाणाऱ्या शाईने जातीचे नाव लिहावे; केयेन आणि एमडी-2 यांची कोवळी रोपे शेजारी ठेवली तर केवळ पानांवरून त्यांची ओळख पटवणे अवघड असते, आणि फळ येईपर्यंत पुन्हा दीडदोन वर्षे जायची असतात.