लोकल विरारलाच का संपायची?

नमस्कार मंडळी. आज एक साधा प्रश्न. चर्चगेटहून सुटलेली लोकल इतकी वर्षं विरारलाच का संपत होती? रूळ तर पुढे होतेच, थेट सुरतेपर्यंत. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड, सगळी स्टेशनं जागच्या जागी. रोज मुंबई गाठणारी माणसंही होती. मग?

"मुंबई तिथं संपते म्हणून," असं कुणीतरी सांगतं. हे अर्धंच खरं. उरलेलं उत्तर रुळांच्या वर आहे, तारेत.

[ओव्हरहेड तारेचा क्लोजअप]

तारेकडे वळण्याआधी थोडं मागे जाऊ. ही लाइन बांधली बीबीसीआयनं, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेनं. काम सुरू झालं ते गुजरातेत. १८६० मध्ये अंकलेश्वरच्या बाजूला पहिला तुकडा चालू झाला आणि १८६४ च्या अखेरीस रूळ ग्रँट रोडला टेकले. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध चाललेलं, इकडे कापसाला सोन्याचा भाव. कंपनीचं लक्ष गुजरातच्या मालावर होतं. पालघर-डहाणू वाटेत लागले, एवढंच.

विरारचं नशीब मात्र लवकर उघडलं. १२ एप्रिल १८६७ ला विरार ते मुंबईतलं बॅकबे अशी गाडी सुरू झाली. सकाळी एक जायची, संध्याकाळी तीच परत. गोरेगावला तेव्हा पहाडी म्हणत. दिवसाला एक फेरी! आज एक गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर प्लॅटफॉर्मवर काय होतं ते आपण बघतोच.

आता तारेकडे. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा ते बोरिवली वीज आली आणि १९३६ मध्ये ती विरारला पोचली. ही वीज होती डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी, १५०० व्होल्ट. पुढे विरारपासून गुजरातकडे विद्युतीकरण झालं ते थेट १९७० च्या दशकात. तोवर रेल्वेनं देशभरासाठी २५,००० व्होल्ट एसी ठरवून टाकलं होतं. (एसी म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, डब्यातला गारवा नव्हे, बरं का.)

फरक किती? हिशोब सोपा आहे. ताकद म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. तेवढीच ताकद १५०० व्होल्टवर हवी असेल तर करंट जवळजवळ सतरा पट लागतो. करंट वाढला की तार तापते, म्हणून तार जाड लागते आणि सबस्टेशनं जवळजवळ उभारावी लागतात. लांबच्या मार्गाला हे परवडत नाही.

थोडक्यात, विरारच्या पुढे तारेतली वीजच बदलत होती. मधला एक तुकडा बिनविजेचा ठेवलेला, डेड सेक्शन. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी चित्तरंजनच्या कारखान्यात खास दोन्ही विजांवर चालणारं इंजिन बनवलं, डब्ल्यूसीएएम-१. ड्रायव्हर वीज तोडायचा, गाडी आपल्या वेगात तो तुकडा ओलांडायची, पलीकडे पुन्हा वीज घ्यायची. साधी डीसी लोकल मात्र तिकडे गेली असती तर तिथंच बसली असती.

म्हणून डहाणूकडच्या माणसासाठी शटल, म्हणजे विरारपर्यंतच येणारी गाडी. विरारला उतरायचं, पूल चढायचा, पलीकडे लोकल उभी असली तर धावायचं. शटल उशिरा आली की रोजची लोकल गेली, आणि तिच्यासोबत रोजचा ग्रुप आणि ठरलेली जागाही.

मग मुंबईतली लोकल वाढत गेली, बारा डब्यांची झाली, पंधराची आली, आणि डीसी तिला पुरेना. पश्चिम रेल्वेनं टप्प्याटप्प्यानं तार एसीवर आणली. फेब्रुवारी २०१२ मध्ये चर्चगेटपर्यंतचं काम संपलं आणि विरारजवळची ती विजेची वेस पुसली गेली. पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल २०१३ ला, लोकल डहाणूला गेली. बोरीबंदर-ठाणे गाडीला त्या दिवशी १६० वर्षं झाली होती.

तार हा एक भाग झाला. लांब पल्ल्याच्या डब्याला पायऱ्या असतात, लोकलला तशा नसतात, त्यामुळे प्लॅटफॉर्म उंच हवेत. शिवाय लोकलमध्ये शौचालय नाही. चर्चगेट-डहाणू म्हणजे सव्वाशे किलोमीटर, अडीच तास सहज जातात. गाडी शहराची, अंतर मात्र पॅसेंजरचं. म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघालात की हे पहिल्यांदा आठवतं.

आणि भांडणं? विरारकर म्हणतो, डहाणू लोकल भरूनच येते. डहाणूकर म्हणतो, तुम्हाला विरारहून सुटणाऱ्या एवढ्या गाड्या आहेत, आमच्यात कशाला चढता? माझा कल डहाणूकराकडे. त्याची गाडी चुकली तर पुढची कधी, हे त्याला वेळापत्रकात शोधावं लागतं.

याचं कारण आता रुळांत आहे. विरारपर्यंत चार, पुढे दोन. त्याच दोनांवर राजधानी, मालगाड्या, मेल आणि लोकल. विरार-डहाणू चौपदरीकरण एमयूटीपी-३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या शहरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात, डिसेंबर २०१६ ला मंजूर झालं. पण मंजुरी कागदावर मिळते, वैतरणेच्या खाडीवर पूल उभारावे लागतात. तोवर मागून मोठी गाडी येत असली की लोकल मधल्या एखाद्या स्टेशनात बाजूला घेतात. पंखे चालू, दारात उभी असलेली माणसं शेजारच्या रुळाकडे बघत, आणि मग धडधडत मेल निघून जाते.