२० बाइटचा बॅकअप

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. आज एकच आकडा डोक्यात ठेवा: २०. वीस बाइट.

काही वर्षांपूर्वी एक डेटाबेस सर्व्हर माझ्याकडे होता. रोज रात्री दोनला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, बॅकअपची स्क्रिप्ट चालायची. मीच लिहिलेली, चार ओळींची. मायएसक्यूएलडंप, म्हणजे डेटाबेसची नक्कल, काढायचा, पाइपमधून, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीला देऊन, डेटा दाबून लहान करणाऱ्या जीझिपला द्यायचा, तारखेच्या नावाने फाइल ठेवायची आणि शेवटी लॉगमध्ये लिहायचं, 'बॅकअप झाला'. सकाळी चहा पिता पिता मी लॉग बघायचो. झाला. झाला. झाला. मस्त!

मग एका दुपारी कुणाच्या तरी हातून एक टेबल उडालं. मी म्हटलं, घाबरताय काय, कालचा बॅकअप आहे की.

[स्क्रीनवर: बॅकअप फोल्डरमधल्या फाइलींची यादी]

हे बघा. इथपर्यंतच्या फाइली भरलेल्या आहेत. आणि इथून खाली? २०, २०, २०... अकरा दिवस. मधे डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि तो स्क्रिप्टमध्ये बदलायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. कुणाच्या म्हणजे माझ्याच.

आता हे २० आले कुठून? जीझिपला आत काहीच मिळालं नाही, तरी तो आपलं काम चोख करतो. दहा बाइटचं हेडर, 'आत काही नाही' एवढं सांगायला दोन बाइट, शेवटी चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, आणि लांबी यांचे आठ. रिकामं पोतं, पण तोंड व्यवस्थित शिवलेलं. आणि बॅशमध्ये, म्हणजे आपल्या कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये, पाइपलाइनचा एक्झिट कोड, म्हणजे पास की नापास सांगणारा आकडा, हा शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड. डंप पडला, जीझिप पास झाला, म्हणजे सगळी ओळ पास! शिवाय माझी 'बॅकअप झाला' ही ओळ तर कुणाला काही विचारतच नव्हती. आधी काय घडलं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

यात शेलला शिव्या घालून उपयोग नाही. शेल बनलं ते टर्मिनलसमोर बसलेल्या माणसासाठी. एरर आली की पुढे काय करायचं ते माणूस ठरवणार, असा हिशोब. रात्री दोनला तो माणूस झोपलेला असतो आणि शेल पुढच्या ओळीवर जातं.

[स्क्रीनवर: स्क्रिप्टची दुसरी ओळ, मोठ्या अक्षरात]

म्हणून शीबँगच्या, म्हणजे स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते सांगणाऱ्या ओळीच्या, खाली पहिली ओळ ही: सेट, डॅश ई, डॅश यू, डॅश ओ पाइपफेल. ई म्हणजे कमांड फसली की थांब. यू म्हणजे न ठरवलेलं व्हेरिएबल वापरलं की थांब. पाइपफेल म्हणजे पाइपमधलं कुणीही पडलं तरी अख्खी ओळ नापास. सुरुवातीला त्रास होईल. ग्रेपला, म्हणजे मजकूर शोधणाऱ्या कमांडला, काही सापडलं नाही तरी तो १, म्हणजे नापासचा कोड, परत देतो आणि तुमची स्क्रिप्ट तिथेच बसते. बसू दे. तिथे मुद्दाम लिहा की सापडलं नाही तरी चालेल.

पण ही ओळ लिहिली म्हणजे सुटलो, असं नाही. एक जुनं प्रकरण सांगतो.

जानेवारी २०१५. लिनक्सवरच्या स्टीमच्या, म्हणजे गेमवाल्या स्टीमच्या, शेल स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: आरएम डॅश आरएफ, म्हणजे न विचारता सगळं पुसून टाक, पुढे स्टीमच्या फोल्डरचा पत्ता ठेवणारं स्टीमरूट हे व्हेरिएबल, मग स्लॅश, मग स्टार. ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच कॉमेंट टाकली होती, 'स्केअरी!' म्हणजे भीती त्यालाही वाटत होती. स्टीमरूटची किंमत कशी काढायची? आधी सीडी करायचं, म्हणजे त्या फोल्डरमध्ये जायचं, जमलं तर आताचा फोल्डर छापायचा. एकाने आपला स्टीमचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता. त्याच्याकडे स्टीमरूट निघालं रिकामं. आता ओळ परत वाचा. व्हेरिएबल काढून टाका. उरलं काय? आरएम डॅश आरएफ, स्लॅश, स्टार. म्हणजे मुळापासून सगळं पूस. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला युजर, म्हणून चालवली नव्हती म्हणून सिस्टिम वाचली, पण त्याच्या मालकीच्या फाइली गेल्या. बॅकअपसाठी जोडलेल्या एक्स्टर्नल ड्राइव्हवरच्यासुद्धा.

आता सांगा, डॅश यू असता तर हे वाचलं असतं?

नाही! यू पकडतो ते न ठरवलेलं व्हेरिएबल. स्टीमरूट ठरवलेलं होतं, फक्त रिकामं होतं. यूच्या लेखी सगळं ठीक. डॅश ईने मात्र पकडलं असतं, कारण आतली सीडी फसली की ती असाइनमेंटची ओळही फसते. पण त्याच ओळीच्या आधी कुणी लोकल किंवा एक्स्पोर्ट, म्हणजे व्हेरिएबल कुठे दिसेल ते ठरवणारी कमांड, लावली की एक्झिट कोड त्या लोकलचा होतो आणि ईसुद्धा आंधळा. हे मला कळायला फार वर्षं लागली.

[स्क्रीनवर: महिरपी कंसातलं व्हेरिएबल, त्यात विसर्गासारखं चिन्ह आणि प्रश्नचिन्ह लाल रंगात]

खात्रीचा इलाज हा. महिरपी कंसात व्हेरिएबलचं नाव, पुढे कोलन, पुढे प्रश्नचिन्ह. व्हेरिएबल नसेल किंवा रिकामं असेल, तर आरएम चालायच्या आधीच स्क्रिप्ट एरर देऊन मरते. कोलन विसरू नका. तो नसेल तर रिकामं व्हेरिएबल पुन्हा सुटून जातं. शेलचेक नावाचं एक फुकट टूल आहे, ते अशी ओळ दिसली की स्वतःच हे सुचवतं. नियम क्रमांक २११५.

आता माझ्या बॅकअपकडे परत. पाइपफेल लावला, तरी २० बाइटची फाइल तारखेच्या नावाने पडून राहतेच. म्हणून आधी वेगळ्याच नावाने लिहायचं आणि डंप नीट संपला तरच त्याच फोल्डरमध्ये एमव्हीने, म्हणजे फाइलचं नाव बदलणाऱ्या कमांडने, खरं नाव द्यायचं. अर्धवट माल गल्ल्यावर ठेवायचाच नाही.

खोटं वाटत असेल तर आत्ता टर्मिनल उघडा. ट्रू, पाइप, जीझिप, पाइप, डब्ल्यूसी डॅश सी. ट्रू काहीच देत नाही, आणि डब्ल्यूसी डॅश सी बाइट मोजतं. एंटर मारा आणि आकडा कॉमेंटमध्ये टाका. मग तुमच्या बॅकअपच्या फोल्डरमध्ये जाऊन तोच आकडा शोधा.